देव न मानणाऱ्याची जबाबदारी

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांसाठी बारामती येथे भरलेल्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)

'धर्मश्रद्धा नसलेल्या माणसांची नीती आणि करुणा' हा विषय अभ्यासवर्गाच्या चालकांनी मला दिला तेव्हा मी संकोचलो. आयुष्यभर मी अर्थशास्त्र शिकविले. मागणी-पुरवठा, शेतमालाचे भाव, सहकार यांवर बोलायची सवय. नीतिशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. परंतु विषय सांगायला आलेल्या तरुण कार्यकर्त्याने जी हकिगत सांगितली तिने मला नाही म्हणायची सोय ठेवली नाही. गेल्या गळीत हंगामात तो इंदापूर तालुक्यात ऊसतोडणी कामगारांची माहिती गोळा करीत हिंडत होता. एका कोपीच्या दारात बसलेल्या म्हातारीने त्याची सगळी विचारपूस केली आणि शेवटी म्हणाली, "तुम्ही देव मानीत न्हाईत म्हणं. मंग वंगाळ वागाया तुम्हाला आडवितंय कोण?"

आमचा कार्यकर्ता वाचणारा आहे, बोलणारा आहे. पण त्या क्षणी त्याला उत्तर सुचले नाही. तो कागद घेऊन पुढच्या कोपीकडे गेला. प्रश्न मात्र त्याच्याबरोबर आला आणि त्याच्याकडून माझ्याकडे आला.

हा प्रश्न अडाणी आहे असे कृपा करून समजू नका. युरोपातल्या मोठमोठ्या विचारवंतांनी शंभर-दीडशे वर्षे तो पिंजला आहे. दोस्तोव्हस्कीसारख्या कादंबरीकाराने त्यापायी शेकडो पाने खर्ची घातली आहेत. त्या म्हातारीने तो एका वाक्यात विचारला, आणि तिला तो विचारण्याचा अधिकारही होता. तिच्या दारात कोणीतरी परका कागद-पेन्सिल घेऊन येतो, नाव-गाव-उचल विचारतो. या माणसावर भरवसा ठेवायचा तर कशाच्या आधारावर, हे तिला जाणून घ्यायचे होते. देवाची शपथ घेणारी माणसे तिने पाहिली होती आणि त्या शपथा मोडलेल्याही पाहिल्या होत्या. पण निदान शपथ घ्यायला त्यांच्यापाशी काहीतरी होते. तुमच्यापाशी काय आहे, असा तिचा सवाल.

आपल्याकडे या सवालाला दोन ठरीव उत्तरे दिली जातात. ती दोन्ही मला अपुरी वाटतात.

पहिले उत्तर असे की, धर्माच्या नावानेच जगात सर्वांत जास्त अनाचार झाला. हे पुष्कळ अंशी खरे आहे. अस्पृश्यता धर्माने पोसली, विधवांचे केशवपन धर्माने पोसले. परंतु दुसऱ्याच्या खात्यावरचे कर्ज दाखविल्याने आपल्या खात्यावर जमा पडत नाही. शिवाय ईश्वर नाकारणाऱ्या सत्तांचा इतिहास आपण विसरून चालणार नाही. १९३२-३३ साली सोव्हिएत राजवटीने युक्रेनमधल्या शेतकऱ्यांच्या घरातले धान्य ओढून नेले आणि लाखो माणसे उपासमारीने मेली. तेथे धर्माचे राज्य नव्हते. तेथे विज्ञानाचे आणि इतिहासाच्या नियमांचे नाव घेतले जात होते. आपण समाजवादी म्हणवतो, म्हणून हा हिशेब आपण इतरांच्या आधी मांडला पाहिजे. देव नाकारल्याने माणूस आपोआप नीतिमान होतो, हा भ्रम आहे.

दुसरे उत्तर असे की, माणूस मुळात चांगला आहे, समाजव्यवस्थेने त्याला बिघडविले. अर्थशास्त्राच्या माणसाला हे मानणे जड जाते. मी माणसांना दुष्काळात धान्य वाटून खाताना पाहिले आहे आणि त्याच दुष्काळात धान्य दडवून ठेवतानाही पाहिले आहे. दोन्ही माणसेच होती.

मग उत्तर शोधायचे कोठे? मी म्हणेन, फार लांब जायला नको. याच तालुक्यात शोधू.

बारामती तालुक्यातले सुपे तुम्हां सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या काळी ते भीमथडी तालुक्यात मोडत असे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि पाहता पाहता तो भीमथडी, इंदापूर, पुरंदर, शिरूर असा पसरला. इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणून त्याची नोंद आहे. त्यामागचे अर्थकारण थोडक्यात सांगतो. मुंबई इलाख्यातली रयतवारीची नवी मोजणी आणि आकारणी गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये सुरू केली ती इंदापूर तालुक्यापासूनच. तिची मुदत तीस वर्षांची. मुदत संपल्यावर सारा वाढला. तिकडे अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यामुळे कापसाचे चढलेले भाव कोसळले होते. सारा रोखीने भरायचा, भाव नाही, पाऊस नाही, आणि सावकाराच्या बाजूला दिवाणी कोर्ट. वाचता न येणाऱ्या कुणब्याने अंगठा उठवायचा आणि पुढच्या वर्षी त्याच कागदावर रक्कम दुप्पट झालेली ऐकायची.

आता त्या शेतकऱ्यांची श्रद्धा काय सांगत होती? ती सांगत होती की, ऋण बुडवणे हे पाप आहे. या जन्मी फेडले नाही तर पुढच्या जन्मी सावकाराच्या दारी बैल होऊन फेडावे लागेल. असे मानणारी माणसे सुप्यात गोळा झाली आणि त्यांनी मागितले काय? खते आणि रोखे. कागद मिळाले की ते जाळायचे. लुटालूट झाली, जाळपोळही झाली, तिचे समर्थन मी करीत नाही. परंतु सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगालासुद्धा हे नमूद करावे लागले की, माणसांच्या अंगावर हात टाकण्याचे प्रकार फार थोडे घडले. कागद आणि माणूस यांत त्या जमावाने फरक केला. हा फरक त्यांना कोणत्या पोथीने शिकविला? पोथी तर उलट सांगत होती. त्यांच्या पोटातल्या न्यायबुद्धीने पोथीलाच तपासून पाहिले, आणि हे देणे खरे देणे नव्हे असा निवाडा केला.

आता याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट ठेवा. दरवर्षी आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करीत इंदापूरला येते. काटेवाडीत परीट समाजाची मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतात, बेलवडीला रिंगण होते. ज्या तुकोबांची ही पालखी, त्यांचे घराणे महाजनकी करणारे, लोकांना कर्ज देणारे. परंपरा सांगते की, १६२९-३० च्या भयंकर दुष्काळात माणसे मरताना पाहिल्यावर तुकोबांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडविली. आणि तिसरी गोष्ट १८७९ सालची. सुप्याच्या उठावानंतर इंग्रज सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कर्जाच्या कागदामागचा मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार त्या कायद्याने कोर्टाला दिला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याला बंदी केली.

एक संत, एक जमाव आणि एक परके सरकार. संताने विठ्ठलाच्या भक्तीत राहून खते बुडविली. जमावाने आपल्या श्रद्धेच्या विरुद्ध जाऊन ती जाळली. सरकारने, राज्य टिकविण्याच्या स्वार्थाने का होईना, त्या खतांचा जाच कमी केला. तिघांच्या श्रद्धा वेगळ्या, हेतू वेगळे. पण तिघांपुढे वस्तुस्थिती एकच होती, ती म्हणजे भुकेला माणूस आणि त्याच्या मानेवरचा कागद. करुणेचा उगम मला या वस्तुस्थितीत दिसतो. श्रद्धा तिला वाट देते किंवा वाट अडवते. तिचा झरा मात्र श्रद्धेच्या आधीचा आहे.

माझ्या विषयाचे आद्य आचार्य ॲडम स्मिथ यांचे नाव घेतले की स्वार्थ आणि बाजारपेठ एवढेच लोकांना आठवते. त्यांचा १७७६ चा ग्रंथ सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच्या सतरा वर्षे आधी, १७५९ मध्ये, त्यांनी माणसाच्या नीतिभावनांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पिण्याची शक्ती हाच नीतीचा पाया, अशी त्या ग्रंथाची मांडणी आहे. मी ती पंचवीस-तीस वर्षे वर्गात शिकविली. परंतु खरे सांगायचे तर ती मला समजली होती त्याच्या कितीतरी आधी, माझ्या थोरल्या चुलत्यांकडून.

आमचे गाव इंदापूर तालुक्याच्या जिरायत पट्ट्यातले. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास या भागात आले, पण आमच्या शिवारापर्यंत ते पोचले नाही. पालखीचा रस्ता गावापासून दोन कोसांवर. थोरले आबा सत्यशोधकी वळणाचे. घरात देव्हारा नाही, अंगात गंडा-दोरा नाही, पंढरीला जन्मात गेले नाहीत. पण पालखीच्या दिवशी ते पहाटे बैलगाडीवर पाण्याची पिंपे भरून रस्त्यावर जात आणि अंधार पडेपर्यंत वारकऱ्यांना पाणी पाजत. चालून चालून ज्यांच्या पायांना फोड आले असतील त्यांचे पाय धुऊन त्यांना तेल लावत. पादुका जवळून जात, तेव्हा सगळा रस्ता वाकलेला असे. आबा तेवढे पिंपाशी उभे. मी लहान होतो. एकदा मी विचारले, "आबा, तुम्ही देव मानत नाही, मग यांची सेवा कशाला?" ते म्हणाले, "तहान तर खरी हाय का न्हाई?"

मित्रहो, एवढ्यावर माझे व्याख्यान संपवता आले असते. परंतु आबांच्या या एका वाक्यात जी अवघड गोष्ट आहे ती मला पुष्कळ वर्षे कळली नाही, आणि ती न कळल्यामुळे माझ्या हातून जे घडले ते मला आज तुमच्यापुढे सांगायचे आहे.

मी नव्याने प्राध्यापक झालो होतो. सुट्टीत गावी आलो असता शेजारच्या वस्तीवरचे सात-आठ वर्षांचे पोर साप चावून गेले. घरच्यांनी त्याला आधी मांत्रिकाकडे नेले होते. दुसऱ्या दिवशी मी आबांबरोबर त्या घरी गेलो. अंगणात माणसे बसली होती. आई भिंतीला टेकून बसली होती. आणि मी तेथे बोललो. मंत्राने विष उतरत नाही, वेळेवर लस टोचली असती तर पोर वाचले असते, अंधश्रद्धेने तुम्ही त्याला घालवले, असे सगळे बोललो. माझा प्रत्येक शब्द शास्त्राला धरून होता. त्या आईने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. कोणी काही बोलले नाही.

आबाही बोलले नाहीत. ते तिन्हीसांजेपर्यंत त्या अंगणात बसून राहिले. नंतर आठवड्याभराने मला कळले की, ते जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशीला जाऊन आले होते. तेथे सर्पदंशावरची लस महिनोन्महिने नव्हतीच. ती मिळावी म्हणून आबांनी पुढे तालुक्याला किती खेटे घातले त्याचा हिशेब नाही. पुढच्या वर्षी लस आली.

म्हणजे मी त्या आईला सांगितलेले सत्यसुद्धा अर्धेच होते. मंत्राने पोर वाचले नसते हे खरे. पण त्या दिवशी ते केंद्रात नेले असते तरी वाचले असते अशी खात्री नव्हती. तिच्या गळ्यात मी सगळा दोष बांधून आलो, आणि ज्या व्यवस्थेला जाब विचारायचा तिच्याकडे फिरकलोही नाही. आबांनी त्या घरात एका शब्दाने प्रबोधन केले नाही. पण त्या वस्तीवरचा कोणी त्यानंतर मांत्रिकाकडे गेला नसेल तर तो आबांमुळे, माझ्यामुळे नव्हे.

यातून मी जे शिकलो ते असे. देव मानणाऱ्या माणसाला एक सोय आहे. आपल्या आवाक्याबाहेरचे दुःख तो देवावर सोपवू शकतो. पुढच्या जन्मी भरपाई होईल, देव बघून घेईल, त्याच्या मनात असेल तसे होईल. या सोयीला हसू नका. मेलेल्या मुलाच्या आईला त्या सोयीवाचून रात्र काढता येत नाही. परंतु जो देव मानत नाही त्याला ही सोय नाही. भरपाईचा दुसरा जन्म नाही, वरचे कोर्ट नाही. अन्यायाचे निवारण व्हायचे तर ते येथेच, याच आयुष्यात, माणसांच्याच हातून व्हायला हवे. नास्तिकाची करुणा म्हणूनच अधिक जबाबदार असावी लागते. ती नुसती भावना राहून चालत नाही, तिला लस मिळवावी लागते, कायदा करावा लागतो, संघटना बांधावी लागते. ज्याने देव नाकारला पण देवावर सोपविलेले काम स्वतःकडे घेतले नाही, त्याने फक्त एक सण कमी केला, दुसरे काही नाही.

महाराष्ट्रात ही जबाबदारी ओळखणारी माणसे होऊन गेली आहेत. आगरकर एम. ए. झाले तेव्हा त्यांना मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. त्यांनी आईला पत्र लिहून सांगितले की, आपण पोटापुरत्या मिळकतीवर समाधान मानून बाकीचा वेळ लोकहितासाठी घालविणार. देवांची उत्पत्ती माणसाच्या भयातून आणि कल्पनेतून कशी झाली हे त्यांनी निर्भयपणे लिहिले. त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. १८९५ मध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते दम्याने गेले. परलोकात काही मिळेल अशी आशा नसताना या माणसाने इहलोकातलेही फारसे काही घेतले नाही. र. धों. कर्वे यांचेही तसेच. वारंवारच्या बाळंतपणांत खंगून मरणाऱ्या स्त्रिया पाहून त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी प्राध्यापकी गमावली, खटले सोसले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक पदरमोड करून चालविले. स्त्रीच्या दुःखाकडे ज्या काळात धर्ममार्तंड डोळेझाक करीत होते त्या काळात एक निरीश्वरवादी माणूस ते दुःख मोजीत बसला होता.

आपल्या अगदी शेजारचे नाव घ्यायचे तर न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांचे. बारामतीवरून जी कऱ्हा वाहते तीच वर सासवडवरून येते, आणि त्या सासवडला १९०९ मध्ये तारकुंडे जन्मले. काँग्रेस समाजवादी पक्षातून ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या मूलगामी मानवतावादाकडे गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्यांचा देवावर विश्वास नव्हता, परंतु माणसाच्या स्वातंत्र्यावर अढळ होता. १९७४ मध्ये जयप्रकाशजींबरोबर त्यांनी लोकशाहीच्या रक्षणासाठी संघटना उभी केली, आणि आणीबाणीत नागरी स्वातंत्र्याची बाजू लावून धरली. जयप्रकाश आणि तारकुंडे यांच्या मनोधारणा भिन्न होत्या. पण तुरुंगातल्या माणसाच्या प्रश्नावर दोघे एका बाजूला होते.

आणि हे केवळ शिकलेल्या चार-दोन माणसांचे काम आहे असेही समजू नका. बारामती आणि इंदापूरच्या गावोगावी बौद्ध वस्त्या आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दीक्षा घेतली ती सृष्टिकर्ता ईश्वर न मानणाऱ्या धम्माची. माणसामाणसांतल्या व्यवहाराची नीती आणि करुणा हाच त्यांनी धम्माचा गाभा मानला. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाखांहून अधिक आहे. त्यांतले काही घरात जुने देवही ठेवीत असतील, तो भाग वेगळा. पण ईश्वराच्या भयावाचून नीती टिकू शकते का, हा प्रयोग आपल्या शेजारच्या वस्तीत तीन-चार पिढ्या चालू आहे. त्या वस्त्यांतून शाळा-कॉलेजांत आलेली मुले मी शिकविली आहेत. नीतीत ती कोणाहून उणी नव्हती.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे उदाहरण तुमच्या पिढीच्या डोळ्यांसमोरचे आहे. अंधश्रद्धेवर प्रहार करणाऱ्या या माणसाने साताऱ्यात व्यसनी माणसांसाठी 'परिवर्तन' ही संस्थाही उभी केली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यातल्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावर त्यांचा खून झाला. त्यांचे कार्यकर्ते त्यानंतर वर्षानुवर्षे दर महिन्याच्या २० तारखेला त्याच पुलावर जमत राहिले आणि शांतपणे जाब विचारत राहिले. १० मे २०२४ रोजी न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना पुराव्याअभावी सोडले. या साऱ्या काळात त्या पुलावरून कोणा श्रद्धाळूच्या घरावर एक दगड गेला नाही. वंगाळ वागायला त्यांना कोणी अडवले? कोणत्याही देवाने नव्हे.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. श्रद्धाळू माणसे आपली प्रतिपक्षी आहेत, असा सूर आपल्यापैकी काहींच्या बोलण्यात येतो. तो मला मान्य नाही. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले, ते विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्य बांधवांना खुले व्हावे म्हणून. दहा दिवस ते चालले. ज्याला देवळात जायचे नव्हते त्यानेही त्या लढ्यात असायला हवे होते, कारण प्रश्न देवळाचा नव्हता, दाराबाहेर उभ्या केलेल्या माणसाचा होता. १९७२ च्या दुष्काळाचेच घ्या. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात असे. आम्ही परदेशातून आलेली तांबडी मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली. त्या अनुभवातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये सबंध देशाने त्या धर्तीवर कायदा केला. योजनेचे जनक वि. स. पागे हे संतसाहित्याचे व्यासंगी, भाविक गृहस्थ. त्यांनी भुकेल्याला अन्नदान करा एवढेच म्हटले नाही; काम मागण्याचा त्याचा हक्क कागदावर आणला. माझ्या आईच्या हातच्या घट्ट्यांना ज्याने कायद्यात जागा दिली तो देव मानत होता की नाही, याने मला काय फरक पडतो?

तेव्हा खरी विभागणी श्रद्धाळू आणि अश्रद्ध अशी नाही. दुःख पाहून जो दान देऊन मोकळा होतो आणि जो हक्कापर्यंत जातो, त्यांच्यात ती आहे. दोन्ही बाजूंना दोन्ही प्रकारची माणसे आहेत.

आता पुन्हा त्या कोपीकडे येऊ. बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून दरसाल हजारो कुटुंबे या पट्ट्यात येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही. पहाटे फडात, रात्री-बेरात्री गाडी भरायला. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून दुखणे अंगावर काढायचे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला, शासनाला समिती नेमावी लागली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सुप्याचे खत जळून दीडशे वर्षे झाली. उचलीचा कागद अजून जळलेला नाही, हे मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून तुम्हांला सांगतो.

त्या उसाचे बागायतदार आषाढात वारकऱ्यांना जेवू घालतात. मनापासून घालतात. त्याच शिवारात कोपीवरच्या बाईला प्यायचे पाणी लांबून आणावे लागते. हे पाहून धर्मावर टीका करणे सोपे आहे. पण त्या बागायतदारांत आपले काही पुरोगामी मित्रही आहेत. त्यांच्या घरी सत्यनारायण होत नाही. त्यांच्या फडात पाणी मात्र तितकेच लांब आहे. त्यांच्या नास्तिकपणाचा त्या बाईला काय उपयोग झाला? ती जर विचारते की, तुम्हांला अडवितो कोण, तर तिने अशीही माणसे पाहिली असतील.

मग तिला उत्तर काय द्यायचे? मी पुष्कळ विचार केला. एकच उत्तर मला प्रामाणिक वाटते. तिला म्हणायचे, "आजी, आम्हांला तुम्हीच अडवायचं." आमच्यावर नजर ठेवणारा वर कोणी नाही असे आम्ही मानतो, म्हणून नजर ठेवण्याचा अधिकार समोरच्या माणसाला द्यायला आम्ही बांधलेलो आहोत. आणि हे नुसते म्हणून भागणार नाही. संघटनेची वर्गणी घेतली तर तिचा हिशेब त्याच कोपीपुढे वाचून दाखवला पाहिजे. नोंदणी केली तर तिचे पुढे काय झाले हे सांगायला परत गेले पाहिजे. चूक झाली तर क्षमा देवाकडे मागता येत नाही, ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडेच मागावी लागते. मी त्या साप चावलेल्या पोराच्या आईकडे क्षमा मागायला गेलो तेव्हा फार उशीर झाला होता. कुटुंब वस्ती सोडून गेले होते. ते देणे माझ्या खात्यावर तसेच आहे, आणि पुढचा जन्म मी मानत नसल्यामुळे ते पुढे ढकलताही येत नाही.

उजनी धरणाच्या पाण्यात इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव बुडाले. उन्हाळ्यात पाणी उतरले की तिथल्या देवळाचे शिखर वर येते आणि लोक पाहायला जातात. देऊळ पाण्याखाली गेले त्या वर्षी गावाची नीती पाण्याखाली गेली नाही. माणसे एकमेकांचे सामान उचलीत, म्हाताऱ्यांना धरीत उंचावर आली आणि तेथे त्यांनी पुन्हा गाव मांडले. नवे देऊळही बांधले. त्यांना बांधावेसे वाटले, त्यांनी बांधले. आपण त्या देवळात गेलो नाही तरी चालेल. सामान उचलायला मात्र आपण असायला हवे होते, आणि पुढच्या वेळी असायला हवे.

गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. त्या म्हातारीचे कुटुंब पुन्हा या बाजूला येईल. ज्या कार्यकर्त्याला तिने प्रश्न विचारला त्याने तिला शोधून काढावे, असे मी त्याला सांगितले आहे. तिने दिलेल्या माहितीचे काय झाले ते आधी सांगावे. कोपीपर्यंत पाणी आणण्यासाठी काय खटपट केली ते सांगावे. आणि मग तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर उत्तर द्यावे. मला वाटते, कदाचित ती विचारणार नाही.